फळीला दुसरे शेपूट कसे फुटले

विटीदांडू तुम्ही खेळला असालच. विटीची दोन्ही टोके निमुळती का, असा प्रश्न मात्र खेळताना कुणी विचारीत नाही. टोक जमिनीपासून अंमळ वर राहते, त्यावर दांडूचा टोला बसला की विटी उसळते. आणि दोन्ही टोके सारखी असली म्हणजे ती कशीही पडो, डाव अडत नाही. एखाद्या शहाण्या सुताराने बसून हा आकार योजला असेल, असे मला वाटत नाही. पोरांनी खेळून खेळून तो ठरविला. आज तुम्हांला अशाच एका दुसऱ्या लाकडाची हकीकत सांगावयाची आहे. हे लाकूड आपल्याकडचे नव्हे. ते अमेरिकेतले, कॅलिफोर्निया आणि फ्लॉरिडा या दोन समुद्रकाठच्या मुलखांतले. त्यालाही दोन उचललेली टोके आहेत, आणि त्यालाही टोला मारूनच उडवावे लागते. फरक इतकाच, की टोला पायाने मारावयाचा आणि उडविणाऱ्याने त्या लाकडावर उभेच असावयाचे.

त्याचे नाव स्केटबोर्ड. त्याची नुसती फळी, म्हणजे चाके न लावलेली, तिला मुले ‘डेक’ म्हणतात. साधारण एकतीस-बत्तीस इंच लांब, आठ ते साडेआठ इंच रुंद, मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली. मध्ये उथळ पन्हळीसारखी, कडा किंचित वर. खाली धातूचे दोन जोड बसवितात, त्यांना ‘ट्रक’ म्हणतात. प्रत्येक जोडाला एक आडवा आस आणि दोन चाके. एवढेच सामान. ही घेऊन मुले रस्त्यावर जातात, आणि फुटपाथच्या कडा, पायऱ्या, कठडे, बाकडी यांवरून उड्या मारतात, घसरतात. या प्रकाराला ‘स्ट्रीट’ असेच नाव आहे.

नवी फळी घेताना पोरगा काय करतो, ते पाहण्यासारखे असते. दुकानात फळ्या भिंतीवर टांगलेल्या असतात. त्यांतली एक तो उतरवून घेतो आणि सुतार रंधा मारलेली फळी पाहतो तशी एक डोळा मिटून लांबीच्या रेषेत पाहतो. ती पिळवटलेली नाही ना? मग सपाट जागी ठेवून डुगडुगते का ते पाहतो. मग तिच्यावर उभा राहतो. आठ इंची बरी की सव्वाआठ, यावर मित्रमंडळींत जी चर्चा चालते ती ऐकून तुम्हांला हसू येईल. पण पाव इंचाने पायाखालचे सगळे गणित बदलते हे खरे आहे. अरुंद फळी हवेत लवकर गिरकी घेते, रुंद फळीवर उतरताना पाय चुकत नाही. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

घरी आणल्यावर वरच्या अंगाला चिकट पाठीचा काळा खरखरीत कागद लावतात. आपला काचकागद असतो ना, तसाच, पण अधिक दणकट. मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. कागद बसला की कडेकडेने कानस फिरवितात. कडेवर पांढरी रेघ उमटते. त्या रेघेवरून पाते चालविले की जास्तीचा कागद सोलून निघतो. मग आठ भोके टोचून मोकळी करावयाची, बोल्ट घालावयाचे, पान्याने आवळावयाचे. हे काम मुले ज्या निगुतीने करतात ती निगुत घरच्या कोणत्याच कामात दिसत नाही, अशी त्यांच्या आयांची तक्रार असते, आणि ती बहुधा रास्त असते.

आणि मग बाहेर. पहिला टोला. मागच्या टोकावर पाय आपटला, ते टोक जमिनीवर आदळले की आवाज होतो. तो आवाज महत्त्वाचा. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते वाजवून घेतो, तसाच हा प्रकार. नवी फळी खणखणीत वाजते आणि पायाखालून उसळी घेते. जुनी, भिजलेली किंवा आतून थर सुटलेली फळी बद्द वाजते. पाच-पन्नास उड्या झाल्या की फुटपाथची कड. तिच्यावर मेणबत्ती घासून ती गुळगुळीत केलेली असते. फळीचे पोट तिच्यावरून घसरते, आणि खालच्या अंगाला जे रंगीत चित्र छापलेले असते त्याच्यावर पहिला ओरखडा उठतो. कोऱ्या धोतरावर पहिला डाग पडला म्हणजे जसे एकदम मोकळे वाटते, तसे त्या मुलाला वाटत असावे. चित्र जपणारा या खेळात कच्चाच राहतो.

आता या फळीचे पुढचे टोक आणि मागचे टोक नीट पाहा. पुढचे जरा लांब आणि थोडे अधिक उभे असते. पण तो फरक इतका बारीक, की चाके लावून झाल्यावर खुद्द मालकालासुद्धा खात्रीसाठी चित्राकडे पाहावे लागते. १९८५ सालची फळी अशी नव्हती. ती दहा इंच रुंद, पुढे आखूड आणि जवळजवळ सपाट, मागे मात्र ऐसपैस शेपूट. पुढची बाजू कुठली हे आंधळ्यानेही हात फिरवून सांगितले असते. सात-आठ वर्षांत हे सारे बदलले, आणि बदलले ते इतके पक्के, की त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ आकार जवळपास तोच राहिला आहे. हे का घडले? माझे म्हणणे असे, की या पोरांना एकेका जागेवरून हुसकावून लावण्यात आले, म्हणून घडले. फळीचा आकार कारखान्यात नव्हे, हकालपट्टीत ठरला.

थोडे मागे जाऊ या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कॅलिफोर्नियातली पोरे चाकांच्या बुटांची चाके काढून ती लाकडाच्या ओंडक्याला ठोकीत. समुद्रावर लाटा नसतील त्या दिवशी लाटेवर स्वार होण्याची हौस उतारावर भागवावयाची, एवढीच त्यामागची कल्पना. फळी सपाट, चाके लोखंडी. पुढे एक प्रकारच्या भाजक्या मातीसारख्या कडक मिश्रणाची चाके आली. १९६३ साली हर्मोसा बीच येथील पिअर अॅव्हेन्यू शाळेच्या आवारात पहिली स्पर्धा झाली. ती लॅरी स्टीव्हन्सन याच्या ‘मकाहा’ या कंपनीने भरविली होती. दोन वर्षांत वेड देशभर पसरले. मे १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅकगी ही तरुणी फळीवर हात टेकून, पाय आकाशात करून चाललेली दिसते. छायाचित्र मोठे मोहक आहे. परंतु आतल्या मजकुराचा सूर काळजीचा होता, आणि ती काळजी खोटी नव्हती. त्या कडक चाकांखाली हरभऱ्याएवढा खडा आला तरी फळी जागच्या जागी थांबे आणि स्वार पुढे जाई. हातपाय मोडू लागले, गावोगाव बंदी आली, आणि १९६५ संपता संपता सगळा बाजार बसला. ही पहिली हकालपट्टी.

मात्र काही माणसे हट्टी असतात. स्टीव्हन्सनने १९६९ साली फळीचे मागचे टोक वर वळविले आणि त्याचे पेटंट मागितले. हे पहिले शेपूट. त्यावर पाय दाबला की पुढची चाके उचलतात आणि फळी वळते. १९७० साली फ्रँक नॅसवर्दी या तरुणाला व्हर्जिनियातील पर्सेलव्हिल येथील एका कारखान्यात युरेथेन नावाच्या प्लॅस्टिकची चाके दिसली. ती चाकांच्या बुटांसाठी केलेली, नवशिक्यांची चाके होती. त्याने ती फळीला लावून पाहिली. खडा आला तरी चाक दबून पुढे गेले! १९७३ च्या सुमारास त्याची ‘कॅडिलॅक’ चाके कॅलिफोर्नियात विकली जाऊ लागली आणि मेलेला खेळ उठून बसला. चाकांची गोष्ट मी इथेच आटोपती घेतो; या खेळाचे इतिहासकार तिच्यावर पानेच्या पाने खर्च करतात, पण आपला विषय फळीचा आहे.

१९७६ आणि १९७७ या वर्षी कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. बंगल्याबंगल्यांतले पोहण्याचे हौद कोरडे राहिले. त्यांचे तळ गोलसर, भिंती खालून वर वळत गेलेल्या. पोरे कुंपणावरून उड्या टाकून आत शिरत आणि त्या भिंतींवर फळ्या चढवीत. मालक पोलिसांना बोलावीत. तोवर पोरे पसार झालेली असत. हे पाहून धंदेवाल्यांनी असेच सिमेंटचे हौद बांधून तिकीट लावले. १९७६ साली कार्ल्सबाडला असे एक उद्यान निघाले. पाठोपाठ देशभर शेकडो निघाली. फळ्या रुंद झाल्या, कारण उभ्या भिंतीवर पायाला जागा हवी. पुढच्या टोकाला काही काम नव्हते, म्हणून ते आखूड राहिले. आणि मग विमा आडवा आला. जखमी मुलांचे पालक दावे लावीत, विम्याचे हप्ते भरमसाट वाढले, आणि १९८० च्या आसपास बहुतेक उद्यानांना कुलपे लागली. काही ठिकाणी तर बुलडोझर फिरविले. एकीकडे नॉर्वेसारख्या शहाण्यासुरत्या देशाने १९७८ साली या खेळावर चक्क कायद्याने बंदी घातली होती. ती अकरा वर्षांनी, १९८९ साली उठली. नॉर्वेतली पोरे तेवढी वर्षे फळ्या घेऊन रानात जात होती, असे म्हणतात. मला त्यात काही आश्चर्य वाटत नाही.

उद्याने गेली, हौद पुन्हा भरले. मग उरले काय? रस्ता. पण रस्ता सपाट असतो. उतार नाही, वळती भिंत नाही, वेग आपणच पायाने रेटून मिळवावयाचा. सपाटीवर समोर सहा इंचांची फुटपाथची कड आली, की फळीवाला अडला. उतरावे, फळी काखेत मारावी, कड चढावी, पुन्हा सुरू. असे किती वेळा करणार?

इथे फ्लॉरिडातल्या दोघा मुलांचे उपकार आहेत. पहिला अॅलन गेलफंड, टोपणनाव ऑली. १९७८ च्या सुमारास तो हौदाच्या कडेवर हात न लावता फळीसकट हवेत उडू लागला. तिथे भिंतीचा वळसा त्याला मदत करी. दुसरा रॉडनी मलन. दंतवैद्याचा मुलगा, एकलकोंडा. शेतावरचे घर, जवळ उद्यान वगैरे काही नाही. तासन् तास गॅरेजच्या सपाट सिमेंटवर एकट्याचा सराव. १९८२ साली त्याने गेलफंडची उडी सपाटीवर आणली. शेपटावर मागचा पाय आपटावयाचा. फळी मागच्या चाकांवर घोड्यासारखी उभी राहते. त्याच क्षणी पुढचा पाय त्या खरखरीत कागदावर घासत वर न्यावयाचा. फळी पायाला चिकटल्यासारखी वर येते, हवेत आडवी होते, आणि दोघे एकत्र खाली उतरतात. दोरी नाही, पट्टा नाही, हात नाही. विटीला दांडूचा टोला बसतो, तसाच हा टोला. या उडीचे नाव गेलफंडच्या टोपणनावावरून ‘ऑली’ असेच राहिले. पुढच्याच वर्षी मलनने ती फळी हवेत लांबीच्या अक्षाभोवती पूर्ण फिरवून पुन्हा पायाखाली घेतली.

एक गोष्ट ध्यानात घ्या. मलनची फळी अरुंद होती, साडेसात इंचांच्या आसपास. तो सपाटीवर नाचासारखे खेळ करी, आणि हौदवाले त्याच्या प्रकाराला जरा बायकीच समजत. (हा शब्द त्यांचा, माझा नव्हे.) रुंद फळीवाल्यांना तेव्हा ठाऊक नव्हते, की दहा वर्षांत या नाजूक फळीच्या मापाकडेच आपल्याला यावे लागेल.

१९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये रस्त्यावरच्या फळीवाल्यांची पहिली स्पर्धा झाली. जिंकला टॉमी गरेरो, त्याच शहराच्या टेकड्यांवर वाढलेला मुलगा. पण रस्त्याचे खरे व्याकरण लिहिले ते दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मार्क गॉन्झालेस आणि नाटास कौपस या दोघांनी. १९८४ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत यांनी ऑली ही युक्ती हत्यार म्हणून वापरली. बाकड्यावर चढ, भिंतीवर पाय देऊन उतर. १९८६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या एम्बार्कडेरो चौकात दोन ओट्यांमधली खिंड गॉन्झालेसने फळीसकट ओलांडली. ती जागा पुढे त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर फळीचे पोट टेकवून घसरत खाली येणे, हेही या दोघांनीच पहिल्याप्रथम करून दाखविले. आता तुम्ही म्हणाल, कठडा म्हाताऱ्या माणसांना धरण्यासाठी असतो. अगदी खरे. म्हणूनच पुढचे सगळे भांडण झाले.

आता फळीकडे वळू. उडी मारताना स्वार हवेत अर्धी गिरकी घेतो आणि पाठमोरा उतरतो. म्हणजे आता पुढचे टोक मागे आले, आणि ते सपाट! त्यावर टोला मारावयाचा तर ते जमिनीवर आदळण्याआधी पायच निसटतो. मुलांनी काय काय केले नाही? कुणी ट्रकची जागा बदलण्यासाठी नवी भोके पाडली, कुणी पुढची बाजू मागे करून फळी उलटीच जोडली. हेच ते आजमावून पाहणे. कारखानदार शहाणा असेल तर असल्या वेड्यावाकड्या उद्योगांकडे लक्ष ठेवतो. १९८७ साली निघालेली ‘वर्ल्ड इंडस्ट्रीज’ ही कंपनी स्वतः खेळणाऱ्यांचीच होती. तिने १९८९ साली माइक व्हॅलेली या खेळाडूच्या नावाची फळी काढली. तिच्या पोटावर गोठ्यातल्या जनावरांचे चित्र होते, कारण व्हॅलेली शाकाहारी. पण खरी नवलाई चित्रात नव्हती. पुढचे टोकही मागच्यासारखेच उंच वळविलेले होते. फळीला दुसरे शेपूट फुटले.

त्यानंतर सगळे भराभर झाले. दोन्ही बाजूंनी खेळावयाचे तर दोन्ही बाजू सारख्या हव्यात. हवेत फिरवावयाची तर फळी हलकी आणि अरुंद हवी. कडेला लावावयाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, टोकांवरची संरक्षक टोपणे, सगळे गळून पडले. १९९२ च्या आसपास फळी आइस्क्रीमच्या कांडीसारखी, दोन्हीकडे गोल, मध्ये सरळ झाली. काही काळ चाकेही इतकी लहान झाली की बेअरिंगभोवती नुसती साल उरली. ते खूळ ओसरले. रुंदी पुढे पुन्हा थोडी वाढली. आकार मात्र टिकला.

टिकला कशामुळे? मला वाटते याचे कारण फळीत नाही, पायऱ्यांत आहे. पायरीची उंची माणसाच्या गुडघ्यावर ठरते, कठड्याची उंची हातावर, बाकाची बैठकीवर. फिलाडेल्फिया असो, बार्सिलोना असो की आपली मुंबई, माणसाचे अंग एकच, म्हणून जिने सारखे. जिने बदलले नाहीत, तोवर त्यांच्याशी झगडून घडलेली फळी तरी कशाला बदलेल?

फिलाडेल्फियाचे नाव आले म्हणून तिथली हकीकत सांगतो. शहराच्या मध्यभागी, नगरगृहाजवळ, १९६५ साली एक चौक बांधला गेला. मूळ कल्पना एडमंड बेकन यांची. ते पुष्कळ वर्षे त्या शहराच्या नियोजनाचे प्रमुख होते. चौकात ग्रॅनाइटच्या बैठकी, रुंद पायऱ्या, कारंजे. पुढे तिथे ‘लव्ह’ अशा चार अक्षरांचे शिल्प बसले आणि लोक त्याला लव्ह पार्क म्हणू लागले. १९९० नंतर ही जागा फळीवाल्यांची काशी झाली. दुपारच्या वेळी कारकून डबा खात बसत, आणि त्यांच्या बाजूने पोरे घसरत जात. ग्रॅनाइटच्या कडा झिजल्या, तुटल्या, वृद्धांना धक्के लागले, तक्रारी झाल्या. नगरपालिकेची बाजूही समजून घेतली पाहिजे. सार्वजनिक पैशाचा दगड तो, फुकट नाही. तिने बंदी कडक केली, आणि २००२ साली चौकाची दुरुस्ती करून घसरण्याच्या जागा मोडून काढल्या. गंमत पाहा, आदल्या आणि त्याच वर्षी या खेळाचा मोठा जाहीर सामना भरविण्याचा मान त्या शहराने मिरविला होता.

मग एक गोष्ट घडली. ऑक्टोबर २००२ मध्ये बेकन त्या चौकात आले. वय ब्याण्णव. डोक्यावर शिरस्त्राण घालून, दोन्ही बाजूंनी माणसांनी धरलेले असे, ते फळीवर उभे राहिले आणि नगरप्रमुखांचा हुकूम आपण उघड मोडीत आहोत असे सांगून चार हात पुढे सरकले. ज्याने चौक कल्पिला तोच म्हणत होता, की मला सुचला नव्हता असा या जागेचा उपयोग या मुलांनी शोधला, त्यांना हाकलू नका. कोणी ऐकले नाही. २००५ साली बेकन वारले. २०१६ च्या फेब्रुवारीत नव्या नगरप्रमुखांनी चौक पाडण्यापूर्वी काही दिवस बंदी उठविली. बर्फाळ थंडीत माणसे लांबलांबून शेवटचे घसरून जाण्यासाठी आली. मग तो चौक खणला गेला. त्यातला काही ग्रॅनाइट पुढे स्वीडनमधल्या माल्मो शहराने नेला, फळीवाल्यांसाठीच.

एव्हाना जगभर ग्रॅनाइटच्या कडांवर हातहातभर अंतराने धातूच्या लहान गाठी ठोकलेल्या दिसू लागल्या होत्या. मुंबईत दुकानाच्या पायरीवर कुणी बसू नये म्हणून खिळे लावतात, तोच विचार. त्याच वेळी दुसरीकडे काय चालले होते? २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. पुरुषांच्या ‘स्ट्रीट’ प्रकारात युतो होरिगोमे आणि मुलींत तेरा वर्षांची मोमिजी निशिया, दोघांनी यजमान जपानसाठी सुवर्ण घेतले. २०२४ साली पॅरिसला होरिगोमे पुन्हा जिंकला. पॅरिसचा सामना झाला तो प्लास द ला काँकोर्द या ऐतिहासिक चौकात. तिथे लाखमोलाचा खर्च करून खोटा रस्ता उभारला होता. कोणी कुठे जात नाही असे जिने, कोणी धरीत नाही असे कठडे, कोणी बसत नाही अशी बाकडी! खऱ्या जिन्यावरून पळवून लावलेल्या पोरांना खोटा जिना बांधून दिला आणि त्यावर पदके लावली. मी याला नुसती नक्कल म्हणून हिणवणार नाही. हजारो मुलांना त्यामुळे हक्काची जागा मिळाली. पण रस्त्यावर जे आकस्मिक असते, झाडाचे मूळ वर आलेले, मध्येच एखादी फरशी उचकटलेली, ते तिथे नसते, आणि फळी घडली ती त्याच्यावर.

आपल्या देशात हे सगळे उशिरा आले. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली फळीसाठी सिमेंटचे मैदान बांधले. तिथे दोन नियम घातले: शाळा बुडविणाऱ्याला फळी नाही, आणि मुलींचा नंबर पहिला. आपल्या महाराष्ट्रातलेही एक नाव सांगतो. २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मुलींच्या ‘स्ट्रीट’ प्रकारातले सुवर्णपदक पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने मिळविले. मात्र आपल्या रस्त्यावर रोजचा सराव करणे अवघडच. खडी सांडलेली, फुटपाथला सलग कड नाही, कड असली तर तिच्यावर स्कूटर लावलेली. १९६५ च्या मातीच्या चाकांचे दुखणे आपल्या मुलांना अजून कळते.

आणि लाकूड? ते बहुतेक अजून उत्तर अमेरिकेतलेच, थंडीमुळे सावकाश वाढणारे, चिवट मेपल. झाड वाढावयास कैक दशके लागतात. खोड फिरते ठेवून त्याचे सोलल्यासारखे दीड मिलिमीटरच्या आसपास जाड पापुद्रे काढतात. सातांपैकी पाच उभ्या रेषांचे आणि दोन आडव्या रेषांचे, म्हणजे फळी लांबीत चिरत नाही. मध्ये गोंद, मग साच्यात दाब. इतके करून रस्त्यावर रोज खेळणाऱ्याच्या पायाखाली ती महिना-दोन महिने टिकते. शेपूट घासून घासून पात्यासारखे धारदार होते, थर सुटतात, पायऱ्यांवरून उतरताना एके दिवशी मधोमध काडकन मोडते. पुष्कळ मुले मोडकी फळी टाकीत नाहीत. भिंतीला लावून ठेवतात. टोकियोत हारोशी नावाचा एक कलाकार आहे, तो स्वतः फळीवालाच. तो अशा मोडक्या फळ्या गोळा करतो, एकावर एक चिकटवितो आणि कोरून मूर्ती घडवितो. थरांना कारखान्यातच निरनिराळे रंग दिलेले असतात, त्यामुळे कोरताना आपोआप पट्टे उमटतात. मात्र त्याला आधी फळ्या जुळवून लावाव्या लागतात, कारण प्रत्येक कारखान्याची पन्हळ निराळी आणि टोकांचा बाक निराळा; कोणती फळी कोणत्या फळीवर बसेल हे तो हाताने चाचपून ठरवितो.